पाणी निवळलं, आणि मग

आमच्या तळ्यात तीस मासे आहेत असं मी पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणे तळ्याकडे न बघता माझ्याकडे बघायचे. कारण तळ्यात दिसायचं ते नुसतं हिरवं पाणी. हिरवट वगैरे नव्हे; पालकाची पातळ भाजी परातीत ओतून ठेवावी तसं. कोपरापर्यंत हात बुडवला तर आपलीच बोटं दिसायची नाहीत. खाद्य टाकलं की पाण्यावर पाच-पंचवीस तोंडं उमटायची, चपचप आवाज व्हायचा, की पुन्हा सामसूम. नातू म्हणायचा, "आजी, आपल्या माशांना नुसती तोंडंच आहेत."

तळं मुळात माशांसाठी नव्हतंच. निवृत्तीनंतर फलटणच्या बाहेर घर बांधलं, परसात नारळ आणि चिकू लावले, आणि उन्हाळ्यात बोअर दमलं तर हाताशी पाणी असावं म्हणून यांनी जेसीबीवाल्याकडून खड्डा काढून घेतला. वीस फूट लांब, बारा फूट रुंद, चार फूट खोल. शेततळ्याला घालतात तो पाचशे मायक्रॉनचा कागद अंथरला. (प्लास्टिकच ते, पण आमच्याकडे सगळे कागदच म्हणतात.) पाणी भरलं आणि आठवड्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. तेव्हा मुलगी म्हणाली, मासे सोडा. गप्पी सोडले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण जुलैत येताना ती हवा भरून फुगवलेल्या पिशवीतून बोटभर लांबीचे तीस कोई घेऊन आली. पांढऱ्यावर तांबडे डाग, काही पिवळे, एकाच्या कपाळावर बरोबर मध्ये लाल ठिपका. नातवानं त्याचं नाव टिकल्या ठेवलं. दिवाळीपर्यंत टिकल्या दिसायचा बंद झाला. होता तिथेच, पण पालकाच्या भाजीखाली.

फिल्टर बसवा, हे सगळ्यांचं मत. कुठला, यावर मात्र जितकी तोंडं तितकी मतं. शेजारच्या आबांनी बायोफ्लॉकच्या टाकीत तिलापिया पाळून पाहिले होते. ते म्हणाले, गूळ टाका. वॉटर प्युरिफायर दुरुस्त करायला येणारा मुलगा म्हणाला, पोहण्याच्या तलावाला बसवतात तो वाळूचा फिल्टर घ्या, काचेसारखं पाणी मिळेल. प्लंबर म्हणाला, काकू, तुरटी फिरवा. आणि माझ्या सासूबाई, वय वर्षं एक्क्याण्णव, यांनी विचारलं, "निवळीची बी उगाळून घातलीस का?" त्यांच्या माहेरी पावसाळ्यात ओढ्याचं गढूळ पाणी यायचं, तेव्हा माठाला आतून निवळीची बी उगाळून लावत, तासाभरात गाळ खाली बसे. मला ते इतकं पटलं की मी जोशांच्या काष्ठौषधीच्या दुकानात विचारूनही आले. गढूळ पाण्याला निवळी खरंच उपयोगी पडते. पण माझं पाणी गढूळ नव्हतंच. ते हिरवं होतं, आणि हा फरक समजायला मला आणखी चार महिने लागायचे होते.

फेब्रुवारीत पुण्याला गेले तेव्हा माशांच्या एका मोठ्या दुकानात शिरले. काउंटरवरच्या मुलानं पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, तळं किती लिटरचं?"

चौतीस वर्षं बँकेत आकड्यांत काढलेल्या बाईला आपल्याच परसातल्या पाण्याचा आकडा माहीत नव्हता. त्याच्याच कागदावर गुणाकार केला. वीस गुणिले बारा गुणिले चार, म्हणजे ९६० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर. म्हणजे सुमारे २७,००० लिटर. पाण्याचे दोन-तीन टँकर आपण परसात ठेवून बसलोय, हे मला त्या दुकानात कळलं.

त्यानं एक काळं खोकं पुढे केलं. आत स्पंजाचे थर, वर अतिनील किरणांचा दिवा, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत: ३०,००० लिटरपर्यंत. खोकं आमच्या तांदळाच्या डब्याएवढं. माझ्या मनात पाल चुकचुकली होती, खोटं कशाला सांगू? एवढा डबा एवढं तळं कसं काय धुणार? पण छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायची नोकरीतली सवय. घेतलं. घरी आल्यावर चष्मा लावून पुठ्ठ्याची खालची बाजू वाचली तर तिथे एक नव्हे, तीन आकडे होते. मासे नसलेलं तळं: ३०,०००. मासे असलेलं: १५,०००. कोई असलेलं: ७,५००. दुकानात मोठा आकडा मी वाचला होता, लहान वाचले नव्हते. कर्जाच्या कागदांवरची बारीक अक्षरं आयुष्यभर दुसऱ्यांना वाचून दाखवली, त्यातलीच मी.

तरी खोकं बसवलं, आणि आठ दिवसांत चमत्कार झाला. पाणी पहिल्यांदा शेवाळी झालं, मग चहाच्या रंगाचं, मग एके सकाळी कागदाच्या घड्यासुद्धा दिसायला लागल्या. मासे वीतभर झाले होते. टिकल्या तर चांगला गुटगुटीत. मी खुर्ची टाकून तळ्याकाठी चहा घ्यायला लागले. शेजारणी बघून गेल्या. यांनी फोटो काढून गावभर पाठवले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मासे खाद्याला येईनात. जिथे खोक्यातलं पाणी परत तळ्यात पडायचं त्या धारेखाली सगळे गोळा व्हायचे, कल्ले भराभर हलवत, पर अंगाला चिकटवून. एकाच्या शेपटीत लाल रेषा दिसल्या. दोन दिवसांत तीन मासे पोट वर करून तरंगले. पाणी स्फटिकासारखं, तळाशी पडलेलं चिकूचं पान मोजून घ्यावं इतकं स्वच्छ, आणि त्यात मासे मरत होते.

यांच्या मित्राची सून रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली. तिला फोन लावला. मी लिटर सांगायला लागले, पंपाचे वॅट, दिव्याचे वॅट. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, दिवसाला खाद्य किती घालता?"

कुणीच विचारलं नव्हतं हे. मी म्हटलं, दोन वेळा, मूठ-मूठ. "कुणाची मूठ?" यांची, माझी, कामवाल्या मावशींची, सुट्टीत नातवाची, शिवाय उरलेल्या पोळ्या. ती म्हणाली, एक दिवस वजन करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं: दीडशे ग्रॅम, पोळ्या सोडून.

पुढचं तिनं फोनवर सांगितलं आणि मी खतावणीसारखं वहीत उतरवून घेतलं. खाद्यात ३५ टक्के प्रथिनं. त्यातला बराचसा नायट्रोजन मासा अमोनियाच्या रूपानं बाहेर टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. म्हणजे विष्ठा उपसून काढली तरी तो पाण्यात मिसळलेलाच. दीडशे ग्रॅम खाद्यामागे अमोनियातला नायट्रोजन साधारण पाच ग्रॅम. २७,००० लिटरमध्ये पाच ग्रॅम म्हणजे लिटरला ०.१८ मिलिग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण हे रोज जमा होतंय आणि नावे काहीच पडत नाही. अकरा दिवसांत दोन मिलिग्रॅम.

"पण मग आठ महिने का नाही झालं काही?" मी विचारलं. "तेव्हा तर फिल्टरच नव्हता."

"होता की," ती म्हणाली. "हिरवा."

मला ते क्षणभर कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा मी मटकन खाली बसले. ते हिरवं पाणी म्हणजे सुटं तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. अमोनिया हे त्याचं खत. मासे अमोनिया सोडायचे, शेवाळ तो खायचं, आणि हिशोब जुळायचा. मी दिवा लावून ते शेवाळ मारलं. खाणारा गेला, शिवाय मेलेलं शेवाळ कुजून त्याचाही अमोनिया झाला. माझ्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून मी माशांचा होता तो फिल्टर काढून टाकला होता, आणि काठावर बसून चहा प्यायले होते.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. जपानमध्ये निईगाता प्रांतातल्या ज्या डोंगराळ खेड्यांत शेतकऱ्यांनी भातशेतीच्या पाण्यावर पाळलेल्या कार्पांमधून हे रंगीत मासे निपजवले, आणि १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात मांडले, तिथे आजही उन्हाळाभर मासे मातीच्या तळ्यांतच वाढवतात. ती तळी हिरवी-मातकटच असतात. फक्त पाणी भरपूर आणि त्या मानानं मासे मोजके. आम्ही मात्र पाणी मोजकं आणि खाद्य सढळ हातानं.

तपासणीचा संच मागवला. काचेच्या नळीत पाच मिली पाणी, थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर बरं. हिरवं झालं तर अमोनिया. आमची नळी पोपटी झाली. दोन पीपीएम. पीएच ८.५. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड, गीझरमध्ये पांढरे पापुद्रे धरणारं. अशा पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी होतो. पीएच ७ असता तर २८ अंश तापमानाला त्यातला एक टक्कासुद्धा घातक रूपात नसता, ८.५ला जवळजवळ अठरा टक्के. तेवढ्यासाठी मी बोअरला शिव्या घातल्या, आणि पुढे त्याच बोअरचे आभार मानायची वेळ आली. कारण अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना पाण्यातला तोच चुना, तीच अल्कता लागते, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सात ग्रॅमच्या वर. मऊ पाण्याच्या गावात तीही पिशवीतून विकत आणून घालावी लागते.

आठवडाभर खाद्य बंद. पाव तळं उपसून नारळांना दिलं, पाव नवं भरलं, हवेचा पंप लावला. मासे सावरले. मग खऱ्या फिल्टरचा प्रश्न उभा राहिला, आणि या वेळी मी लिटरांवरून नाही, खाद्यावरून हिशोब धरला.

अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात फारसे मोकळे हिंडत नाहीत. कशाला तरी चिकटून थर धरतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास मातीतून हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. तेव्हा फिल्टरला जागा हवी ती त्यांना चिकटायला. भाषा बँकेचीच: ठेवी किती येणार आणि खिडक्या किती उघडायच्या. मित्राच्या सुनेनं सावध आकडा धरायला सांगितला, चौरस मीटरला दिवसाकाठी ०.१ ग्रॅम. रोजच्या पाच ग्रॅमला पन्नास चौरस मीटर. म्हणजे आमच्या अख्ख्या घराची फरशी, एका पिंपात बसवायची.

ती बसते, हे नवल. प्लास्टिकच्या नखाएवढ्या चक्र्या मिळतात, आत आडवे-उभे पडदे असलेल्या. आपल्याकडे तळायच्या चाकाच्या आकाराच्या रंगीत नळ्या मिळतात ना, थेट तशा. शहराचं सांडपाणी शुद्ध करायला नॉर्वेत निघालेली ही युक्ती. घनमीटरला पाचशे चौरस मीटर पृष्ठभाग. म्हणजे शंभर लिटर चक्र्यांत माझे पन्नास. पाण्यात खालून हवा सोडली की त्या गिरक्या घेत राहतात आणि तुंबत नाहीत. मुंबईहून दोन पोती मागवली. स्वस्तात म्हणून लोक बाटल्यांची बुचं, भांडी घासायच्या नायलॉनच्या घासण्या, कांद्याच्या पोत्यांची जाळी असलंही वापरतात, आणि ते चालतं. फक्त पृष्ठभाग मोजता येत नाही. मला मोजायचं होतं.

वाळूचा फिल्टर मात्र तिनं साफ नाकारला. पोहण्याच्या तलावात कुणी हागत नाही, असं ती म्हणाली. (तिचे शब्द, मी ठेवले.) माशांच्या घाणीनं वाळूत गठ्ठे होतात आणि पाणी मधूनच वाट काढून निसटतं. आधी घाण बाजूला बसली पाहिजे, मग पाणी जिवाणूंकडे जायला हवं. क्रम उलटा केला तर जिवाणू चिखलाखाली गुदमरतात.

आता प्लंबर. प्लंबर हा या कथेतला सर्वांत आत्मविश्वासू माणूस. "काकू, अर्ध्या एचपीची मोटर टाका. पाणी कसं धो धो आलं पाहिजे." मी म्हटलं, ही दिवसातनं दोन तास नाही, चोवीस तास चालायची आहे. अर्ध्या एचपीची मोटर ओढते पाचशे वॅटच्या आसपास. दिवसाला बारा युनिट, महिन्याला तीनशे साठ. तळ्यासाठीचा म्हणून मिळतो तो पंप १३० वॅटचा, महिन्याला चौऱ्याण्णव युनिट. त्यावर लिहिलेलं होतं ताशी १२,००० लिटर. दोन-सव्वादोन तासांत तळं एकदा फिरेल, असा माझा हिशोब.

त्यानं एक इंची पाइप टाकला, भिंतीच्या कडेनं छान सरळ नेला, पाच एल्बो घातले आणि समाधानानं सोल्यूशनचा डबा मिटला. मी वीस लिटरची बादली धारेखाली धरली आणि घड्याळ बघितलं. बारा सेकंद. म्हणजे ताशी सहा हजार. छापलेला आकडा निम्म्यावर! पुन्हा पुठ्ठा, पुन्हा चष्मा. बारा हजार हे पाणी अजिबात वर न चढवता. चार-पाच फूट चढवलं की घट, पाइप अरुंद की आणखी घट, आणि प्रत्येक एल्बोला थोडी थोडी चोरी. "काकू, पाणी येतंय की," प्लंबर म्हणाला. येत होतं, पण मला किती ते हवं होतं. दोन इंची पाइप घातला, एल्बो दोनावर आणले. बादली आठ सेकंदांत भरली. ताशी नऊ हजार. तीन तासांत एक फेरी. कोईवाले याहून वेगवान धरतात, पण आमच्या सत्तावीस माशांना तेवढ्यावर भागवायचं ठरवलं. ही बादलीची परीक्षा मी आता महिन्याच्या एक तारखेला घेते. आठाचे दहा सेकंद झाले की पंपाच्या जाळीत पानं अडकलेली असतात.

घाण बसायला दोनशे लिटरचं निळं पिंप ठेवणार होतो. मग साधा भागाकार केला. ताशी नऊ हजार लिटर वाहणारं पाणी दोनशे लिटरच्या पिंपात राहणार ऐंशी सेकंद. ऐंशी सेकंदांत काय बसणार? गच्चीवरून उतरवलेली हजार लिटरची जुनी काळी टाकी पडून होती, ती लावली. तिच्यात पाणी साडेसहा मिनिटं थांबतं. आत येणारा पाइप कडेला तिरका वळवला, म्हणजे पाणी गोल फिरतं आणि गाळ मध्ये जमतो. खाली घाण सोडायला बॉल व्हॉल्व्ह. त्यापुढच्या पिंपात बाटली धुवायच्या ब्रशांचे मोठे भाऊ शोभतील असे लांब ब्रश उभे टांगलेले, त्यापुढच्यात चक्र्या.

पहिल्या दिवशी मोटर सुरू केली आणि दहा मिनिटांत टाकीच्या काठावरून पाणी अंगणात. प्लंबर म्हणाला, लेव्हल चुकली. लेव्हल बरोबर होती. आत येणारा पाइप दोन इंची आणि बाहेर जाणाराही दोन इंची. येणाऱ्याला मागून मोटर ढकलतेय, जाणारं आपलं आपण चालतंय. बाहेरचे सगळे पाइप चार इंची केले तेव्हा थांबलं. तोपर्यंत अबोलीच्या वाफ्याचं तळं झालं होतं.

आणि एवढं सगळं करून पुढचे सहा आठवडे फिल्टरनं काहीही केलं नाही. म्हणजे केलं, पण आपल्या गतीनं. नव्या चक्र्या फिरतसुद्धा नव्हत्या. वर ढीग करून कोरड्याठाक तरंगत बसल्या. जिवाणूंचा थर धरला की जड होऊन बुडतात, तोवर वाट बघायची. खाद्य दिवसाला तीस ग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात अमोनियाची नळी पिवळी राहिली म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात होते, तर नायट्राइटची नळी गुलाबी, मग जांभळी. पहिली जात कामावर रुजू झालेली, दुसरी अजून आलेली नाही. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरून प्राणवायू वाहायची ताकद घालवतं. रक्त तपकिरी होतं. त्यावर उतारा मिठाचा. मिठातला क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडवतो. हजार लिटरला एक किलो, म्हणजे सत्तावीस किलो जाडं मीठ. किराणावाले म्हणाले, "काकू, यंदा लोणचं लई दिसतंय."

मेमध्ये एका रात्री लाइट गेली ती गेलीच. पहाटे चारला बॅटरी घेऊन तळ्यावर गेलो तर सगळे मासे पृष्ठभागाला तोंडं लावून. गरम पाण्यात मुळात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशांना लिटरला नऊ मिलिग्रॅम, तीसला साडेसात. त्यात पहाट ही सगळ्यांत वाईट वेळ, कारण रात्रभर फक्त खर्च. शिवाय फिल्टरमधले जिवाणूही प्राणवायू घेणारेच. हवा थांबली की काही तासांत तेही मरायला लागतात. यांनी आणि मी उजाडेपर्यंत बादलीनं पाणी उचलून वरून ओतलं, एकमेकांशी एक शब्द न बोलता. दुसऱ्या दिवशी हवेचा पंप घरातल्या इन्व्हर्टरवर घेतला. चाळीस वॅट. आमच्या खोलीतला पंखा बंद ठेवला तर रात्र निघते.

जूनअखेर दोन्ही नळ्यांनी रंग बदलायचं थांबवलं. चक्र्या पिठूळ तपकिरी झाल्या, गिरगिरायला लागल्या. खाद्य शंभर ग्रॅमवर नेलं.

मग गौरी-गणपती आले. मी चार दिवस आधी लेकीकडे गेले होते. परत आले तर गच्चीवर कुरडया वाळत घातल्यासारखं काहीतरी पसरलेलं. वर गेले. जुन्या धोतरावर, एकसारख्या पातळ थरात, शंभर लिटर चक्र्या. पांढऱ्याशुभ्र. हे म्हणाले, "पाहुणे येणार. फार घाण झाल्या होत्या, चिकट. नळाखाली दोनदा धुतल्या, आता ऊन दाखवतोय." नळाला आमच्याकडे ग्रामपंचायतीचं पाणी, पावसाळ्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर जरा सढळ. त्या पाण्यात जे काही वाचलं असेल ते उन्हानं संपवलं असणार. सहा आठवडे वाट बघून जमवलेली, सहा आठवडे उपाशी माशांच्या जिवावर पोसलेली ती चिकट घाण म्हणजेच फिल्टर होता. बाकी सगळं नुसतं प्लास्टिक.

मी काही बोलले नाही. ते इतके खूष होते. शिवाय फेब्रुवारीत दिवा लावून मी वेगळं काय केलं होतं? वहीत तारीख टाकली, खाद्य शून्यावर आणलं, मिठाची पोती पुन्हा मागवली. ब्रशांचं पिंप यांच्या हातून सुटलं होतं, तिथले जिवाणू कामाला आले आणि या वेळी तीन आठवड्यांत गाडी रुळावर आली. आता ब्रश धुवायचे झाले तर तळ्याच्याच पाण्यात बुचकळतो, तेही अर्धेच. आणि चक्र्यांना कुणी हात लावायचा नाही, अशी पाटी नातवानं खडूनं पिंपावर लिहून ठेवली आहे.

पाणी आता चांगलं आहे. काचेसारखं म्हणणार नाही. दुपारच्या उन्हात किंचित हिरवी झाक दिसते, कारण तो दिवा मी रोज काही तासच लावते. आबा येतात आणि म्हणतात, "एवढं करून थोडं हिरवंच की." मी त्यांना पिवळी नळी दाखवते. त्यांना ती दरवेळी सरबतासारखी वाटते.

डिसेंबरात एके सकाळी खाद्याची वाटी घेऊन गेले तर काळ्या टाकीवर राखी बगळा उभा होता. मान आत घेतलेली, एक डोळा पाण्यावर. मला बघून तो सावकाश उडाला, अगदी नाइलाजानं. मासे मोजले. सव्वीस. पालकाच्या भाजीखाली होते तेव्हा ते मला दिसत नव्हते, तसे त्यालाही दिसत नव्हते. टिकल्या आहे. तळ्यावर जाळं टाकायचं, हे दोघांनाही मान्य आहे. यांना शेडनेट हवं, मला नायलॉनचा बारीक दोरा, आणि तळ्याची मोजमापं घ्यायला मी टेप शोधते आहे.